कागदाच्या तळाशी कोण उभे आहे?

1777 च्या जानेवारीत अमेरिकन काँग्रेसचा मुक्काम बाल्टिमोरला होता. इंग्रजांचे सैन्य फिलाडेल्फियाच्या रोखाने सरकल्यामुळे तिला तिथून हलावे लागले होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघून सहा महिने झाले होते, पण त्यावर सह्या करणाऱ्यांची नावे अजून छापून लोकांसमोर आली नव्हती. 18 तारखेला काँग्रेसने ती नावे छापण्याचा ठराव केला आणि काम मेरी कॅथरीन गॉडर्ड या बाईंकडे गेले. गॉडर्डबाई छापखाना चालवत आणि गावचे टपालही सांभाळत. एरवी छापलेल्या कागदाखाली त्या आद्याक्षरे आणि आडनाव एवढेच घालत. या कागदाखाली मात्र त्यांनी आपले पूर्ण नाव खिळ्यांनी जुळवून छापले. वरच्या सह्या करणाऱ्यांवर राजद्रोहाचा आरोप येणार हे उघड होते, आणि ज्या कायद्याने त्यांना फासावर चढवले असते तो छापणारीलाही सोडणार नव्हता. लढाईचा निकाल काय लागेल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. अशा वेळी आपण कोण हे पूर्ण अक्षरांत सांगणे बाईंना आवश्यक वाटले.

जाहीरनाम्यांविषयी बोलताना आपण मजकुरावर थांबतो. कोणी लिहिला, शब्द कुठून आले, कोणत्या तत्त्वज्ञाचा प्रभाव होता यावर ग्रंथ आहेत. माझे म्हणणे वेगळे आहे. जाहीरनाम्याचे वजन त्याच्या तळाशी असते. तिथे कोणाचे नाव आहे, ते नाव घातल्याने त्या माणसाचे काय जाऊ शकते आणि ते जाईल हे माहीत असून त्याने ते घातले आहे का, या तीन प्रश्नांवर त्या कागदाचा खरेपणा ठरतो. आपल्याकडच्या स्वातंत्र्यलढ्यातला छापील कागदही याच कसोटीवर पुन्हा वाचायला हवा, आणि तसा तो आपण फारसा वाचलेला नाही.

अमेरिकेचेच उदाहरण आणखी थोडे जवळून पाहू. 4 जुलै 1776 च्या रात्री जॉन डनलॅप या तरुण मुद्रकाने फिलाडेल्फियात जाहीरनाम्याच्या सुमारे 200 प्रती काढल्या. मोठा कागद, एकाच बाजूला छपाई, भिंतीवर लावता येईल किंवा चौकात उभे राहून वाचता येईल असा. घाई इतकी की काही प्रती शाई वाळायच्या आत घडी घातल्या गेल्या, आणि एका अर्ध्यावरची अक्षरे दुसऱ्या अर्ध्यावर उमटली. या कागदावर सभासदांच्या सह्या नाहीत. काँग्रेसच्या वतीने अध्यक्ष जॉन हँकॉक, साक्षीला चिटणीस चार्ल्स थॉमसन, आणि तळाशी छापणारा डनलॅप, एवढीच नावे. यातल्या हँकॉकची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आदल्या वर्षी 12 जूनला बोस्टनमध्ये इंग्रजांच्या जनरल गेजने एक जाहीरनामा काढला होता. शस्त्रे खाली ठेवणाऱ्या सर्वांना माफी, अपवाद दोघांचा: सॅम्युअल अ‍ॅडम्स आणि जॉन हँकॉक. माफीच्या कागदावरून ज्याचे नाव सरकारने मुद्दाम वगळले, त्याचेच नाव स्वातंत्र्याच्या कागदावर आले. 8 जुलैला फिलाडेल्फियात आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टनच्या सैनिकांसमोर तो मोठ्याने वाचला गेला. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी ऐकला, आणि ऐकताना कोणाच्या जबाबदारीवर हे बोलले जात आहे तेही ऐकले.

त्याच लढ्यात दुसऱ्या जातीचे कागदही निघाले, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. 1773 च्या नोव्हेंबरात फिलाडेल्फियात डेलावेअर नदीवरच्या वाटाड्या खलाशांना उद्देशून एक पत्रक निघाले. चहा घेऊन येणारे जहाज जो कोणी बंदरात आणेल त्याच्या अंगाला डांबर फासून वर पिसे चिकटवू, अशी त्यात धमकी होती. खाली सही होती एका समितीची, आणि त्या समितीचे नावही डांबर आणि पिसांचेच. माणसाचे नाव एकही नव्हते. जहाज परत गेले. पत्रक यशस्वी झाले असे इतिहासकार सांगतील. मला त्यात राजाविरुद्धचे धैर्य दिसत नाही. राजा लंडनमध्ये होता. हातावर पोट असलेल्या वाटाड्याला गावातल्याच कोणीतरी, तोंड लपवून, धमकावले होते. हा फरक पुढे पुन्हा लागेल.

आता आपल्याकडे येऊ. मराठी मुलखाला हादरवून सोडणारा पहिला आधुनिक जाहीरनामा स्वातंत्र्याचा नव्हता, स्वातंत्र्य गेल्याचा होता. 10 फेब्रुवारी 1818 ला साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला आणि दुसऱ्याच दिवशी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. पेशवा दुसऱ्या बाजीरावाने काय काय केले याची त्यात यादी आहे. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून, त्र्यंबकजी डेंगळे, मोडलेले करार. मग निकाल: बाजीराव आणि त्याचे घराणे राज्यावरून दूर. मग आश्वासने: वतने, इनामे, देवस्थाने आणि धर्म यांना धक्का लागणार नाही, साताऱ्याच्या महाराजांना मुलूख मिळेल. 1776 चा अमेरिकन कागद शेजारी ठेवून हा वाचला की अंगावर काटा येतो. दोन्हींची बांधणी एकच आहे. आधी राज्यकर्त्याच्या अपराधांची यादी, मग त्या यादीवरून तो राज्य करण्यास अपात्र असल्याचा निष्कर्ष. फिलाडेल्फियात ती यादी प्रजेच्या प्रतिनिधींनी राजाविरुद्ध मांडली होती. साताऱ्यात ती एका परदेशी कंपनीच्या अधिकाऱ्याने इथल्या प्रजेच्या नावाने मांडली. कुणब्याला, पाटलाला, जोश्याला कोणी विचारले नव्हते. एल्फिन्स्टनच्या नावामागे फौज होती, त्यामुळे त्या नावाला जोखीम अशी काही नव्हती. मजकूर आणि बांधणी इतकी सारखी असून एक कागद मुक्तीचा आणि दुसरा ताब्याचा का, याचे उत्तर मजकुरात शोधून सापडत नाही. ते तळाशीच शोधावे लागते.

चाळीस वर्षांनी हाच प्रश्न नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना उलटा विचारला. 1 नोव्हेंबर 1858 ला अलाहाबादला गव्हर्नर जनरल कॅनिंगने व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला. इंग्रज प्रजेच्या खुनात ज्यांचा थेट हात नाही त्यांना माफी, मुदत 1 जानेवारी 1859. नानासाहेब तेव्हा नेपाळच्या तराईत होते, आजाराने आणि उपासमारीने वेढलेले. 20 एप्रिल 1859 ला त्यांनी राणीला आणि पार्लमेंटला उद्देशून इश्तिहारनामा पाठवला. मेजर रिचर्डसनने उत्तर दिले की राणीचा जाहीरनामा सर्वांनाच लागू आहे, तुम्हीही त्या अटींवर या. नानासाहेबांना ते पुरले नाही. राणीने स्वतः लिहिलेले, तिची मोहोर असलेले पत्र हवे, आणि ते फ्रेंचांच्या सेनाधिकाऱ्याच्या हस्ते यावे, अशी त्यांनी अट घातली. सगळीकडून कोंडी झालेल्या माणसाची ही मागणी अनेकांना अवाजवी वाटली आहे. मला ती फार नेमकी वाटते. वर्षानुवर्षे पेन्शनच्या, वारसाच्या आणि करारांच्या कागदांवर ज्या घराण्याने इंग्रजांशी व्यवहार पाहिला होता, त्याला ठाऊक होते की हाताखालच्या अधिकाऱ्याने दिलेला शब्द वरचा अधिकारी मोडतो. शब्दाखाली कोण उभे आहे, आणि तो शब्द मोडल्यावर साक्षीदार कोण, एवढेच नानासाहेब विचारत होते.

मी राहतो त्या भोपाळच्या गोविंदपुऱ्यापासून सिहोर चाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. तिथे भोपाळ कंटिंजंटची छावणी होती. 1857 च्या ऑगस्टमध्ये तिथल्या शिपायांनी वली शाह आणि महावीर यांच्या नेतृत्वाखाली आपले सरकार उभे केले आणि त्याला नाव दिले सिपाही बहादुर सरकार. निशाण-ए-मुहम्मदी आणि निशाण-ए-महावीरी असे दोन झेंडे शेजारी शेजारी लागले. भोपाळच्या सिकंदर बेगम इंग्रजांच्या बाजूला राहिल्या. 1858 च्या जानेवारीत इंग्रज सेनापती ह्यू रोज सिहोरला आला आणि पकडलेल्या शिपायांना रांगेने गोळ्या घातल्या गेल्या. गावची परंपरा आकडा 356 सांगते. राजाचे, नवाबाचे किंवा पेशव्याचे नाव न घेता शिपाई या पदालाच सरकार म्हणणारी ही माणसे होती. झाशीचे आणि बिठूरचे आपण इतके लिहितो, सिहोरचे मराठीत जवळजवळ काहीच नाही. या लेखात त्याला दोन ओळी देऊन पुढे जाताना मलाही ते खटकते आहे, पण कागदाचा धागा इथून दुसरीकडे जातो.

बंड मोडल्यावर इंग्रज सरकारने कागदाच्या तळाकडे नीट लक्ष वळवले. 1867 चा पंचविसावा कायदा निघाला. छापलेल्या प्रत्येक कागदावर आणि पुस्तकावर मुद्रकाचे नाव, छापण्याचे ठिकाण, प्रकाशकाचे नाव आणि ठिकाण असलेच पाहिजे, नसेल तर दंड, कैद किंवा दोन्ही. हे पत्र अमक्याने तमक्या छापखान्यात छापून तमक्या ठिकाणी प्रसिद्ध केले, ही जुन्या मराठी वर्तमानपत्रांच्या शेवटच्या पानावर सर्वांत बारीक टायपात येणारी ओळ या कायद्याला धरून असे. त्या ओळीवरून पोलीस थेट दारात पोचत. गॉडर्डबाईंनी जे आपण होऊन केले ते सरकारने सक्तीचे केले आणि नावाचे सापळ्यात रूपांतर केले. 1879 मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी जाहीरनामा काढला. दुष्काळाने पिचलेल्या रयतेला काम द्या, कर कमी करा, युरोपियनांचे भरमसाट पगार कापा, अशा त्यात मागण्या होत्या आणि न ऐकल्यास जिवाची धमकी. देशी भाषांतल्या पत्रांचा गळा आवळणारा लिटनचा 1878 चा कायदा तेव्हा चालू होता. असा मजकूर कोणत्या छापखान्याने आपल्या नावानिशी छापला असता? फडक्यांच्या मागण्या लोकांपर्यंत पोचल्या त्या बहुतेक वर्तमानपत्रातल्या बातम्यांमधून, म्हणजे दरोडेखोराच्या धमक्या म्हणून. डनलॅपसारखा माणूस पाठीशी नसला की जाहीरनाम्याचे काय होते ते इथे दिसते.

आणि तरीही असा माणूस आपल्याकडे होता. 1897 चा टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आपण शाळेपासून ऐकतो. त्या खटल्याचे कायद्याच्या पुस्तकांतले पूर्ण नाव वाचा. आरोपी दोन आहेत: बाळ गंगाधर टिळक आणि केशव महादेव बाळ. हे बाळ आर्यभूषण छापखान्याचे. 15 जून 1897 च्या केसरीत शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली कविता आली होती आणि तिच्याखाली भवानी तलवारीची खूण हे टोपणनाव होते. तलवारीला कोर्टात उभे करता येत नाही. पण त्याच अंकाच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात दोन खरी नावे होती, आणि मुंबई हायकोर्टाच्या पिंजऱ्यात ती दोन माणसे उभी राहिली. ज्युरीने बाळांना निर्दोष ठरवले. टिळकांना सहा विरुद्ध तीन मतांनी दोषी ठरवले आणि 14 सप्टेंबरला न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी सुनावली. लिहिणारा कोण हे टिळकांनी सरकारला सांगितले नाही. आपल्या पत्रात छापले ते आपले, ही त्यांची भूमिका. केसरीचे मोठेपण मला अग्रलेखांच्या भाषेत जितके दिसते तितकेच या भूमिकेत दिसते. केशव महादेव बाळ यांचे नाव मात्र महाराष्ट्राला आठवत नाही. सुटले म्हणून विसरले, की छापणारे म्हणून विसरले? बारा वर्षांनी नाशिकला बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कवितांच्या एका लहान पुस्तिकेच्या प्रकाशनावरून. इतकी किंमत एका नावाची होती.

ती किंमत सर्वांना परवडली नाही, आणि याबद्दल लिहिताना हात जड होतो. भोपाळमध्ये माधवराव सप्रे यांच्या नावाचे समाचारपत्र संग्रहालय आहे, 1984 मध्ये स्थापन झालेले. जुन्या वर्तमानपत्रांचा एवढा मोठा साठा देशात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि भोपाळच्या मराठी माणसाला तो आपल्या घरचा वाटावा असे कारण आहे. सप्रे मराठी घरातले, दमोह जिल्ह्यातल्या पथरियाला 1871 मध्ये जन्मलेले. 1900 मध्ये पेंड्रासारख्या आडगावातून त्यांनी छत्तीसगढ मित्र हे हिंदी मासिक काढले. 1907 मध्ये नागपूरहून हिंदी केसरी सुरू केला, टिळकांचे विचार हिंदी मुलखात नेण्यासाठी. 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली त्याच वर्षी सप्रेंनाही राजद्रोहाखाली पकडले. घरच्यांचा दबाव आला, तुरुंगात प्रकृती ढासळली, आणि त्यांनी माफीनाम्यावर सही केली. सुटले.

सुटल्यावर त्यांनी जे केले त्यासाठी मी त्यांना मानतो. त्यांनी त्या सहीला सबब दिली नाही. सार्वजनिक जीवनातून बाजूला होऊन ते रामदासी वळणाचे विरक्त आयुष्य जगले, आणि त्याच काळात दासबोध हिंदीत नेला. पुढे टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले ते त्यांनीच. मंडालेच्या तुरुंगात गुरूने लिहिलेला ग्रंथ माफी मागून सुटलेल्या शिष्याने ओळीन् ओळ दुसऱ्या भाषेत उतरवला. ते करताना त्यांच्या मनात काय चालले असेल याची कल्पनाही जड जाते. 1920 मध्ये जबलपूरहून माखनलाल चतुर्वेदींच्या संपादकत्वाखाली कर्मवीर निघाला तेव्हा त्याच्या उभारणीत सप्रे होते. 1926 मध्ये ते गेले. माफीनाम्याचा हा प्रसंग सांगितला की काही लोकांना वाटते आपण थोर माणसाला कमी करतो आहोत. मला उलट वाटते. इंग्रज सरकार कैद्याकडून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट मागत होते: एका कागदाखाली एक सही. माणूस तुरुंगात कुजत ठेवण्यापेक्षा ती सही सरकारला जास्त मोलाची वाटत होती. नावात काय ताकद आहे हे आपल्यापेक्षा राज्यकर्त्यांनी आधी ओळखले होते, आणि सप्रेंनीही ते ओळखले होते, म्हणूनच ती सही त्यांना आयुष्यभर पुरली.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. निनावी कागदाने स्वातंत्र्य आणले नाही का? टॉमस पेनचे कॉमन सेन्स 1776 च्या जानेवारीत निनावीच निघाले आणि त्याने अमेरिकेचे मन वळवले. 1942 च्या ऑगस्टनंतर मुंबईत, पुण्यात, साताऱ्यात जे भूमिगत छापले गेले, जी सायक्लोस्टाइलवर पत्रके निघाली, त्यांच्याखाली नाव आणि पत्ता घालणे म्हणजे पोलिसांना आमंत्रण होते. एस. एम. जोशी, साने गुरुजी, मधू लिमये यांच्यासारखी माणसे त्या काळात भूमिगत राहून काम करत होती, क्रांतिकारी नावाचे मराठी पत्र चालवत होती. त्यांना भित्रे म्हणायला कोणाची जीभ धजेल?

माझी तरी नाही. पण दोन गोष्टी पाहाव्या लागतील. पहिली, कागदाचे तोंड कोणाकडे आहे. ज्याच्या हातात तुरुंग आहे त्याच्याविरुद्ध लिहिताना नाव झाकणे ही ढाल आहे. शेजाऱ्याविरुद्ध, वाटाड्याविरुद्ध, आपल्याहून दुबळ्याविरुद्ध लिहिताना नाव झाकणे हा भ्याडपणा आहे. डेलावेअरचे पत्रक आणि 1942 चे पत्रक दोन्ही निनावी, पण त्यांचे तोंड विरुद्ध दिशांना होते. दुसरी गोष्ट, 1942 च्या लढ्याचे सर्वांत मोठे कागद निनावी नव्हतेच. हजारीबागच्या तुरुंगाची भिंत ओलांडून पळालेल्या जयप्रकाश नारायणांनी स्वातंत्र्यसैनिकांना पत्रे लिहिली आणि ती गुप्तपणे छापून देशभर फिरली. खाली त्यांचे नाव होते. पत्ता नव्हता. साताऱ्यातही तेच. प्रतिसरकारचे प्रमुख नाना पाटील हे लहान पोराला ठाऊक होते, त्यांच्या सभांना माणसे जमत, आणि 1946 पर्यंत पोलिसांना ते सापडले नाहीत. नाव उघडे, अंग झाकलेले. सरकारला माणूस सापडू द्यायचा नाही, पण लोकांना मात्र आपण कोण आहोत हे कळू द्यायचे, हा मार्ग आपल्या लोकांनी काढला, आणि 1867 च्या कायद्याला दिलेले हे सर्वांत चोख उत्तर होते.

आता सर्वांत अवघड भागाकडे येतो. तळाशी नाव आहे, जोखीम आहे, धैर्य आहे, आणि तरीही त्या नावांच्या यादीत कोण नाही? अमेरिकेच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांतले कित्येक गुलामांचे मालक होते. 1775 च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर लॉर्ड डन्मोर याने बंडखोरांकडून जप्त केलेल्या छापखान्यावर, जहाजात बसून, एक जाहीरनामा छापला: बंडखोरांचे जे गुलाम पळून येऊन राजासाठी शस्त्र धरतील ते मुक्त. स्वातंत्र्याच्या गोष्टी करणाऱ्यांच्या घरांतून माणसे जीव मुठीत धरून राजाच्या जहाजाकडे धावली. डन्मोरला त्यांची कणव होती असे नाही, त्याला सैनिक हवे होते. पण धावणाऱ्यांच्या दृष्टीने कोणता कागद स्वातंत्र्याचा होता, हे त्यांच्या पायांनी सांगितले.

जोतीराव फुल्यांना हे बरोबर दिसले होते. 1873 मध्ये त्यांनी गुलामगिरी अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ती गुलामांना मुक्त करण्याच्या कामाबद्दल. 1776 पेक्षा 1860 च्या दशकातली अमेरिका त्यांना जवळची वाटली. पुण्यात बसून त्यांनी अमेरिकेच्या दोन स्वातंत्र्यांतले खरे कोणते हे निवडले, आणि आपल्याकडच्या स्वातंत्र्याच्या चर्चेपुढे तोच प्रश्न ठेवला.

म्हणून मराठीत काढलेला खरा स्वातंत्र्याचा जाहीरनामा कोणता असे मला विचारले तर मी महाडचे नाव घेतो. 25 डिसेंबर 1927. सभेला गावात जागा मिळेना, फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. महूच्या छावणीत जन्मलेले डॉ. आंबेडकर अध्यक्षस्थानी होते. भाषणात त्यांनी या सभेची तुलना 1789 च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. ते ऐकून त्या काळात अनेकांनी नाके मुरडली असतील. तळ्याच्या पाण्याचा तंटा आणि व्हर्सायची सभा यांचा काय संबंध? संबंध पहिल्याच ठरावात होता. माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा त्या सभेने संमत केला. त्याच रात्री, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावाप्रमाणे, मनुस्मृती जाळली गेली.

माझ्या कसोटीवर महाडचा कागद लावून पाहा. तळाशी कोण होते? हजारो माणसे, ज्यांतल्या बहुतेकांना सही करता येत नव्हती. त्यांनी हात वर केले. याच महाडमध्ये मार्चमध्ये, चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर, परतणाऱ्या माणसांना रस्त्यात गाठून मारले होते, हे डिसेंबरात आलेल्या प्रत्येकाला माहीत होते. गावी गेल्यावर पाटील आणि सावकार त्यांना नावानिशी ओळखणार होते. गॉडर्डबाई, टिळक, हँकॉक यांची जोखीम मोठी होती, पण त्यांच्या मागे छापखाना, पैसा, वकील, नातेवाईक असे काहीतरी होते. महाडला आलेल्यांची दुसऱ्या दिवशीची भाकरीही गावाच्या मर्जीवर होती. शाळेच्या पुस्तकांत अमेरिकेचा जाहीरनामा असतो, फ्रान्सचा असतो. महाडला धडा मिळतो तो सत्याग्रहाच्या नावाने; त्या सभेने हक्कांचा जाहीरनामा काढला होता हे फार थोड्या मुलांपर्यंत पोचते. हे बदलले पाहिजे.

असाच विसरलेला एक लढा माझ्या गावचाही आहे. भोपाळचे स्वातंत्र्य देशाच्या स्वातंत्र्यानंतर आले. नवाब हमीदुल्ला खानांचे राज्य भारतात पूर्णपणे विलीन व्हावे म्हणून 1948 च्या अखेरीस आंदोलन सुरू झाले. भाई रतनकुमार यांचे नई राह हे पत्र विलीनीकरणाची बाजू मांडत होते. ते बंद पाडले गेले, तेव्हा नर्मदेपलीकडच्या होशंगाबादेतून, संस्थानाच्या हद्दीबाहेरून, काम चालले. शंकर दयाळ शर्मा तुरुंगात गेले. 14 जानेवारी 1949 ला, संक्रांतीच्या जत्रेच्या दिवशी, नर्मदेच्या बोरास घाटावर तिरंगा घेऊन उभ्या असलेल्या तरुणांवर गोळीबार झाला आणि त्यांतले काही तिथेच पडले. 1 जून 1949 ला भोपाळ भारत सरकारच्या ताब्यात आले. त्यानंतर सात वर्षांत गोविंदपुऱ्याच्या माळावर हेवी इलेक्ट्रिकल्स उभे राहू लागले आणि देशभरातून कामगार, इंजिनिअर आले, त्यांत मराठी कुटुंबेही आली. आम्ही आलो त्या गावाचा स्वातंत्र्यलढा आमच्या येण्याइतकाच अलीकडचा आहे, आणि तरी आमच्या घरांत त्याची आठवण निघत नाही.

गोविंदपुऱ्यात कागदाच्या तळाचे महत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. कारखान्याच्या गेटवर युनियनची पत्रके वाटली जातात, खाली निवेदक म्हणून नावांची रांग असते, आणि अनुभवी कामगार मजकूर नंतर वाचतो, आधी नावे वाचतो. कोणाचे नाव आहे, कोणाचे गळले आहे, कोणी या वेळी पहिल्यांदाच घातले आहे. निवडणुकीच्या पत्रकांवर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे आणि पत्ते असावेच लागतात. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे 127-अ कलम ते सांगते, मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. 1867 चा कायदा 2024 च्या मार्चपासून गेला, त्याच्या जागी नवा आला. पण इंग्रजांनी सापळा म्हणून लावलेली तळाची ती ओळ लोकशाहीत मतदाराचे संरक्षण झाली, आणि ती टिकली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. फोनवर रोज येणारा, एखाद्या जातीला, धर्माला, मोहल्ल्याला धमकावणारा मजकूर पाहा. त्याखाली कोणी नसते. तो डेलावेअरच्या वाटाड्यांना आलेल्या पत्रकाच्या घराण्यातला आहे, आणि स्वातंत्र्याच्या भाषेत बोलला म्हणून त्याचे घराणे बदलत नाही. असा मजकूर पुढे पाठवणारा प्रत्येक जण आपले नाव त्याखाली घालायला तयार आहे का, एवढे त्याने स्वतःला विचारावे.

डनलॅपच्या 200 प्रतींपैकी आज 26 सापडतात. त्यांतली एक 1989 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या बाजारात चार डॉलरला घेतलेल्या चित्राच्या चौकटीमागे, घडी घालून ठेवलेली निघाली. आपल्याकडेही जुन्या पेट्यांत, पोथ्यांच्या पुठ्ठ्यांत, देवघराच्या फळीवर अंथरलेल्या कागदांत 1942 ची, विलीनीकरणाची, महाडच्या आणि नंतरच्या सभांची पत्रके असतील. भोपाळमधल्या, नागपूरकडून, वऱ्हाडातून, साताऱ्याकडून इथे आलेल्या मराठी घरांना माझी विनंती आहे. आजोबांच्या पेटीतले कागद रद्दीत देण्याआधी एकदा उलगडून पाहा आणि शेवटच्या ओळीतले मुद्रकाचे नाव वाचा. तो कागद सप्रे संग्रहालयात किंवा राज्य अभिलेखागारात नेऊन द्या. द्यायचा नसेल तर त्याचा फोटो तरी द्या, आणि तो घरात कोणी, कधी आणला ते सोबत लिहून, त्याखाली आपले पूर्ण नाव घाला.